एफ-ड्रॉइडवरची सोशल ॲप्स ठेवू की काढू? आणि घरच्यांना कुठल्या ॲपवर नेऊ?

उनाड_पाखरू

मंडळी जरा मदत करा, दोन दिवस डोक्याचं भजं झालंय.

माझ्या फोनमध्ये प्ले स्टोअरवरून घेतलेली बोलायची ॲप्स दोनच, व्हॉट्सॲप (नाइलाज आहे, सोसायटी, पोरीची शाळा, सासरकडचे सगळे तिथेच) आणि सिग्नल. बाकी सगळं एफ-ड्रॉइडवरून (ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या फुकट ॲप्सचं दुकान, प्ले स्टोअरच्या बाहेरचं) घेतलंय. मॅस्टोडॉनसाठी (ट्विटरसारखं, पण वेगवेगळ्या सर्व्हरवर चालणारं) टस्की, लेमीसाठी (तसंच, पण चर्चेच्या फोरमचं) जर्बोआ, आणि कॉलेजच्या तीन मित्रांशी गप्पा मारायला कॉन्व्हर्सेशन्स. तीन वर्षं झाली, जाहिरात नाही, कटकट नाही, मस्त चाललंय.

पण गूगलनं ऑगस्ट २०२५ मध्ये जे जाहीर केलं ते वाचल्यापासून चैन नाही. म्हणजे मला कळलं ते असं की ज्या डेव्हलपरनं गूगलकडे ओळख पटवलेली नाही त्याचं ॲप फोनवर बसणारच नाही, तुम्ही ते प्ले स्टोअरवरून आणा नाहीतर वेबसाइटवरून. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंड, आणि २०२७ पासून हळूहळू बाकीचं जग, म्हणजे आपणही आलोच त्यात.

त्यात परवा बायकोला नवीन फोन घेतला, त्यावर एफ-ड्रॉइड टाकायला गेलो तर 'अनोळखी ॲप' म्हणून सरळ नकार, परवानगी द्यायचं बटण पण राखाडी. जुन्या फोनवर दोन टिचक्यांत व्हायचं.

माझा खरा प्रश्न पुढे आहे. आमचा चुलत-मावस भावंडांचा १४ जणांचा ग्रुप आहे, तो व्हॉट्सॲपवरून हलवायचं ठरतंय आणि ॲप कुठलं ते मी सुचवायचं आहे. मी सुचवलं आणि वर्षभरात ते बंद पडलं किंवा बसेनाच झालं तर गणपतीला घरी सगळे मला सोलतील. तर आता ॲप निवडताना बघायचं काय? आणि माझी आत्ताची ॲप्स प्ले स्टोअरवर हलवू का?

---

पोह्यांचा_डबा

बायकोचा फोन सॅमसंग आहे का? असेल तर सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीच्या खाली 'ऑटो ब्लॉकर' नावाचं प्रकरण आहे ते बघ. वन यूआय (सॅमसंगचं फोनमधलं सॉफ्टवेअर) ६.१.१ पासून ते आधीपासूनच चालू असतं आणि ते चालू असलं की बाहेरचं काही बसत नाही. बंद कर, एफ-ड्रॉइड टाक, पाहिजे तर परत चालू कर. गूगलच्या नव्या नियमाशी त्याचा काही संबंध नाही, दोन्ही एकत्र धरून घाबरू नकोस.

आता तुझी ॲप्स. टस्की आणि जर्बोआ दोन्ही प्ले स्टोअरवर पण आहेत, फुकट. कॉन्व्हर्सेशन्स पण आहे पण तिथे पैसे मोजावे लागतात, एफ-ड्रॉइडवर फुकट मिळतं तेच. मी तरी ते पैसे देऊन टाकले, एक माणूस वर्षानुवर्षं नेटानं ते ॲप सांभाळतोय, एवढं तर बनतं.

पण एक लक्षात ठेव, उडी मारण्याआधी. एफ-ड्रॉइड बहुतेक ॲप्स स्वतः सोर्स कोडवरून बनवतं आणि स्वतःच्या किल्लीनं सही करतं (ॲप कुणाकडून आलं त्याचा डिजिटल शिक्का समज), प्ले स्टोअरवरच्या कॉपीवर सही दुसरी असते. त्यामुळे एकावर दुसरं अपडेट म्हणून बसत नाही, पॅकेज जुळत नाही असा मेसेज येतो आणि लोक तिथेच वैतागून जुनं ॲप काढून टाकतात. टस्की काढलंस तर फार काही जात नाही, खातं सर्व्हरवर आहे, परत लॉगिन केलं की सगळं दिसतं, फक्त अर्धवट लिहिलेले ड्राफ्ट उडतात (माझे सतरा उडाले, त्यातलं एकही पोस्ट करण्यालायक नव्हतं ते सोडा). कॉन्व्हर्सेशन्सचं मात्र तसं नाही, तिथले जुने मेसेज आणि एन्क्रिप्शनच्या किल्ल्या तुझ्या फोनमध्येच असतात. सेटिंग्जमधून आधी बॅकअप काढ, मग ॲप काढ. आणि ती बॅकअप फाइल उघडायला खात्याचाच पासवर्ड लागतो.

---

कोडगा

पुण्यात बसून ॲप लिहिणाऱ्या माणसाच्या बाजूनं सांगतो कारण या विषयावर अर्धवट बातम्या फार फिरतायत.

नोंदणी दुकानाची नाही, डेव्हलपरची आहे. नाव, पत्ता, फोन, ओळखपत्र, २५ डॉलर, आणि मुख्य म्हणजे ॲपचं पॅकेज नाव (फोन ॲपला ज्या नावानं ओळखतो ते) आणि सही करायची किल्ली ही जोडी गूगलकडे नोंदवायची. एफ-ड्रॉइडचा घसा कोरडा पडलाय तो या शेवटच्या गोष्टीनं. पोह्यांचा डबा म्हणतो तसं सही त्यांची असते, मग नोंदणी कोण करणार? त्यांनी सप्टेंबर २०२५ मध्येच स्पष्ट लिहिलं की आम्ही दुसऱ्यांच्या ॲपची नावं आमच्या नावावर करून घेऊ शकत नाही, कारण तसं केलं तर त्या ॲपच्या वाटपाचा हक्क मूळ लेखकाकडून आमच्याकडे येतो, आणि डेव्हलपरवर गूगलकडे जायची सक्ती पण करू शकत नाही. २०१० पासून चाललेला प्रकल्प आहे, लोक काय हौस म्हणून ओरडत नाहीयेत.

ओरड झाल्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये गूगल थोडं मागे आलं. धोका समजून उमजून ज्याला टाकायचंय त्याच्यासाठी एक वेगळा, मुद्दाम लांबचा रस्ता ठेवू असं म्हणाले, आणि विद्यार्थी, हौशी लोकांसाठी मोजक्या फोनपुरतं हलकं खातं. फोनला केबल लावून कॉम्प्युटरवरून एडीबीनं (डेव्हलपर वापरतात ते टूल) टाकायची सोय पण राहणारच आहे.

म्हणजे तुझं आणि माझं काही अडत नाही रे. आपण लांबचा रस्ता पण चालू. पण तू ज्या १४ जणांसाठी विचारतोयस त्यातला एक तरी चालेल का? दर अपडेटला आत्याच्या फोनला केबल लावायला जाणारेस का साताऱ्याला? म्हणून घरच्यांसाठी जे निवडशील ते प्ले स्टोअरवर असलंच पाहिजे, ते तत्त्वात बसो न बसो.

---

तांबडापांढरा

सगळे गूगलला शिव्या घालतायत तर मी उलटं बोलतो. बंद करा म्हणतो मी हे बाहेरून ॲप टाकणं, सामान्य माणसासाठी तरी.

आमच्या काकांना गेल्या लग्नसराईत ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून 'लग्नपत्रिका' आली. फोटो नाही, पीडीएफ नाही, एपीके, म्हणजे अख्खं ॲपच. काका रिटायर्ड शिक्षक, अडाणी नाहीत, पण शेजारच्या गावचं लग्न, नाव ओळखीचं, दाबलं. फोननं विचारलं परवानगी देऊ का, दिली. परत विचारलं, परत दिली. पत्रिका काही उघडली नाही, काकांना वाटलं नेट स्लो आहे, फोन चार्जिंगला लावून झोपले. रात्रीत ओटीपी तिकडे वाचले गेले आणि ८६ हजार गेले, वर काकांच्या नंबरवरून तीच पत्रिका पुढे दीडशे जणांना गेली. सकाळी लोक फोन करून विचारतायत, मास्तर कुणाचं लग्न? १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन केला, तक्रार झाली, थोडे पैसे गोठवले गेले, बाकीचे गेले ते गेलेच. काका अजून व्याह्यांच्या मेसेजला पण हात लावत नाहीत.

तुमचं ते टस्की का फस्की, ते चार हजार लोक वापरत असतील. पत्रिका दाबणारे किती आहेत बघा.

---

उनाड_पाखरू

वाईट झालं काकांचं. माझ्या मामांना असंच आरटीओच्या चलनाचं आलं होतं, नशिबानं त्यांनी आधी मला दाखवलं.

---

लाह_लाक्सा

सिंगापूरहून लिहितोय, म्हणजे पहिल्या चार देशांतला. मूळचा नगरचा.

तांबडापांढरा यांचं दुःख खरं आहे, इथे पण लोकांची आयुष्यभराची बचत अशीच गेलीय, म्हणून तर सिंगापूरचा नंबर पहिल्या यादीत लागला. पण एक गोष्ट सांगू का, त्या पत्रिकेवर उपाय याआधीच निघालाय आणि तो जास्त नेमका आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्ले प्रोटेक्टनं (अँड्रॉइड फोनमधली गूगलची ॲप तपासणी) इथे चाचणी सुरू केली. ब्राउझर, मेसेजिंग ॲप किंवा फाइल मॅनेजरमधून आलेलं ॲप जर एसएमएस मिळवायची, एसएमएस वाचायची, नोटिफिकेशन वाचायची किंवा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागत असेल तर ते टाकतानाच अडवायचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतासाठी पण तीच जाहीर झाली. काकांची पत्रिका नेमकी यात सापडते. टस्कीला एसएमएस वाचून करायचंय काय? चोराला हातावरून ओळखता येत असेल तर गावातल्या प्रत्येकाकडे दाखला मागायचं कारण मला तरी पटत नाही. आणि चोर काय खोट्या ओळखपत्रावर नोंदणी करणार नाहीत?

गूगलचं म्हणणं असं की बाहेरून आलेल्या ॲप्समध्ये प्ले स्टोअरपेक्षा ५० पटींहून जास्त मालवेअर सापडतं. असेल. पण त्या 'बाहेर'मध्ये टेलिग्रामवर फिरणारं फुकट क्रिकेटचं ॲप पण आलं आणि एफ-ड्रॉइड पण आलं, एकाच पोत्यात.

मी स्वतः काय केलं ते सांगतो. मॅस्टोडॉनसाठी ॲपच काढून टाकलं. फॅन्पी नावाचं वेब ॲप आहे, एल्क नावाचं पण आहे, ब्राउझरमध्ये उघडायचं, 'होम स्क्रीनवर जोडा' दाबायचं, आयकॉन येतो, ॲपसारखंच उघडतं. कुणाची सही नको, कुणाची नोंदणी नको. फोटो टाकताना जरा अडखळतं, आणि एमआरटी (इथली मेट्रो) बोगद्यात शिरली की टस्की निदान आधीचं दाखवायचं, हे गोल गोल फिरत बसतं. पण त्याची सवय झाली. बायकोच्या आयफोनवर पण तेच टाकलंय, आयओएस १६.४ पासून होम स्क्रीनवर जोडलेल्या वेब ॲपला नोटिफिकेशन पण पाठवता येतात.

---

उनाड_पाखरू

अरे हे आयफोनचं मी विसरलोच होतो, भावंडांत तिघांकडे आयफोन आहे. फॅन्पी आत्ता टाकून बघितलं, चांगलं आहे की. मग ग्रुपसाठी पण असंच काही वेबवालं मिळेल का? कोणी एलिमेंट नावाचं मेसेंजर म्हणतंय.

---

पोह्यांचा_डबा

एलिमेंट चांगलंच आहे, मी ऑफिसच्या मित्रांबरोबर वापरतो. पण आपल्याकडे मे २०२३ मध्ये सरकारनं १४ मेसेंजर ॲप्स ब्लॉक करायचा आदेश काढला होता त्यात एलिमेंट, ब्रायर, थ्रीमा ही नावं होती. प्ले स्टोअरवर असणं म्हणजे अमरपट्टा नाही हे पण ध्यानात असू दे. टिकटॉक २०२० च्या जूनमध्ये एका रात्रीत गेलं, कू (आपलं देशी ट्विटर) जुलै २०२४ ला पैसे संपून बंद झालं, दोन्ही प्ले स्टोअरवरचीच होती.

म्हणून मी ॲप बघायच्या आधी बघतो की ते गेलं तर माझ्या हातात काय उरतं. मॅस्टोडॉनवर टस्की गेलं तर अधिकृत ॲप आहे, तेही गेलं तर ब्राउझर आहे, सर्व्हरच बंद होणार असेल तर फॉलो केलेल्यांची यादी सीएसव्ही फाइलमध्ये उतरवून दुसरीकडे नेता येते, फॉलोअर पण मागे येतात, फक्त जुन्या पोस्ट येत नाहीत. तुझं कॉलेजवालं कॉन्व्हर्सेशन्स ज्यावर चालतं त्या एक्सएमपीपीचं (मेसेज पाठवायची खुली पद्धत, इमेलसारखी) पण तसंच, अँड्रॉइडवर कॉन्व्हर्सेशन्स, आयफोनवर मोनल, खातं एकच. कू वर काय उरलं लोकांच्या हातात? स्क्रीनशॉट.

पण १४ भावंडांना एक्सएमपीपी शिकवायला जाऊ नकोस, मी गेलो होतो, मेहुण्यानं चार महिने अबोला धरला. सर्व्हर कुठला निवडू म्हणून विचारलं त्यानं आणि मी तासभर बोललो.

---

कोडगा

ग्रुपसाठी सिग्नल. विषय संपला. प्ले स्टोअरवर आहे, ॲपलच्या ॲप स्टोअरवर आहे, शिवाय त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवर एपीके पण ठेवतात, म्हणजे अँड्रॉइडवाल्यांना दोन दारं. तुझ्याकडे आहेच.

खोट एकच, सगळं फोन नंबरवर टांगलेलं. दूरसंचार विभागानं नोव्हेंबर २०२५ मध्ये सिम-बाइंडिंगचा आदेश काढला तो अशाच ॲप्ससाठी, म्हणजे ज्या सिमवर खातं आहे ते फोनमध्ये नसेल तर ॲप चालू द्यायचं नाही आणि कॉम्प्युटरवरचं लॉगिन दर सहा तासांनी तोडायचं. तुमच्यात कोणी परदेशात जाऊन भारतातला नंबर ड्रॉवरमध्ये ठेवणारं असेल तर आधी त्याच्याशी बोलून घे. इमेल किंवा युजरनेमवर चालणाऱ्या ॲपला ही भानगड नाही, पण इमेलचा पासवर्ड विसरणारी भावंडं असतात, त्यामुळे उडदामाजी काळे गोरे.

---

उनाड_पाखरू

दुबईचा दादा आहे, त्याचं सिम खरंच ड्रॉवरमध्येच असतं 😅 त्याला फोन करतो.

तर माझं ठरलं ते असं. भावंडं सिग्नलवर. जर्बोआ आत्ता तसंच राहू दे, लेमी काय मी फक्त वाचतोच, गेलं तर ब्राउझरमध्ये वाचीन. मॅस्टोडॉन फॅन्पीवर, टस्की दोन महिने शेजारी ठेवून बघतो. कॉन्व्हर्सेशन्सचे पैसे भरून प्ले स्टोअरवालं घेतो, आज रात्री बॅकअप काढून जुनं काढून टाकतो. बायको म्हणाली मला व्हॉट्सॲप आणि यूट्यूब सोडून काही नको, ऑटो ब्लॉकर चालूच ठेव, तर तो विषय तिनंच मिटवला.

एक सांगा, कॉन्व्हर्सेशन्सच्या खात्याचा पासवर्ड ॲपमध्ये कुठे बघायला मिळतो का? तीन वर्षांपूर्वी टाकला होता, नंतर कधी लागलाच नाही.

---

पोह्यांचा_डबा

थांब थांब थांब. पासवर्ड हातात येईपर्यंत जुनं ॲप काढायचं नाही. बॅकअप त्याच्याशिवाय उघडणार नाही आणि नव्या ॲपमध्ये लॉगिन पण होणार नाही. आधी ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड बघ, जुन्या वह्या बघ, नाहीतर सर्व्हर चालवणाऱ्याला मेल टाक. दोन दिवस उशीर झाला तर काही बिघडत नाही, २०२७ ला वेळ आहे.

---

उनाड_पाखरू

सापडला. पोरीच्या बालवाडीच्या डायरीत मागच्या पानावर, दूधवाल्याच्या हिशेबाखाली.