कमोडला वेगळा व्हेंट पाइप हवा की नको?

धागाकर्ती

बाथरूमचं काम काढलंय. कमोड जुन्या जागेवरून हलवून समोरच्या भिंतीला घेतला, त्यामुळे तो उभ्या मैला पाइपापासून चांगलाच लांब गेला. प्लंबर म्हणतो, "कमोडला व्हेंट लागत नाही, तो तर पाणी ओढूनच साफ होतो." मला हे अजिबात पटत नाही. भिंत आत्ता उघडी आहे. टाइल्स बसल्या की पुन्हा कोण फोडणार?

व्हेंट म्हणजे वास बाहेर सोडायची नळी, असं बहुतेकांना वाटतं. पण त्याचं मोठं काम हवा आत घेण्याचं. फ्लशचं पाणी लोटासारखं पुढे सरकतं आणि मागे हवा कमी पडते. ती वरून मिळाली नाही तर पाइप जवळच्या ट्रॅपमधून (म्हणजे पाणी साठून राहणाऱ्या वाकड्या भागातून) ओढून घेतो आणि ट्रॅपमधलं पाणीही सोबत नेतो. हे पाणी असतं साधारण ५० मिमी. गटाराची हवा आणि आपलं घर यांच्यामध्ये तेवढाच काय तो पडदा.

प्रतिसाद १ (बरीच वर्षं याच कामात)

तुमचा प्लंबर चुकलेला नाही. कमोडमधलं पाणी दर फ्लशला जातं आणि शेवटच्या पाण्याने, काही कमोडमध्ये टाकी भरताना, बाऊल पुन्हा भरतो. उभा पाइप छताच्या वर उघडा असेल आणि कमोड त्याच्या जवळ असेल तर तो पाइपच व्हेंट असतो. एकाच उभ्या पाइपावर अशी कितीतरी घरं नीट चालतात. प्रत्येक कमोडमागे वेगळी नळी म्हणजे भिंतीत एक जोड वाढला आणि गळतीची एक जागाही.

धागाकर्ती

"जवळ असेल तर" हे तुम्हीच म्हणालात. माझा जवळ नाही ना! आणि कमोड भरेल हो, त्याच आडव्या पाइपावरच्या नहाणी ट्रॅपचं, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या ट्रॅपचं काय? त्याला कुठली टाकी भरणार?

आधीच्या घरात मी हे स्वतः पाहिलंय. नहाणी ट्रॅपची जाळी काढली, तळाला टेकेपर्यंत काडी बुडवली आणि ओली खूण पेनाने आखली. मग फ्लश केला. गुडगुड आवाज झाला, पाणी हिंदकळलं. काडी पुन्हा बुडवली तर खूण बोटभर खाली. तीन-चार फ्लशनंतर पाण्याची नुसती ओल उरली होती. त्या बाथरूममध्ये वर्षभर फिनाइल ओतत होतो, आणि खरी गोष्ट ही होती.

प्रतिसाद २

एवढी फोडाफोड कशाला? हवा आत घेणारा व्हॉल्व्ह मिळतो, तो बसवा. पाइपात ओढ तयार झाली की झडप उघडते, एरवी बंद. छतापर्यंत काहीच न्यावं लागत नाही.

प्रतिसाद ३

मी तोच व्हॉल्व्ह बसवला आणि वर टाइल लावून टाकली, म्हणून सांगतो. दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, तो हवा आत घेतो, बाहेर सोडत नाही. खाली पाइप तुंबून दाब उलट आला तर ट्रॅपमधून बुडबुडे येणारच. दुसरी, त्याचं रबर कधी तरी बिघडतं, मग तिथे हात पोचायला हवा आणि हवाही. माझा टाइलमागे बंद आहे. भिंत फोडल्याशिवाय बदलता येणार नाही.

प्रतिसाद १

अंतर वाढलंय हे मी वाचलं नव्हतं. तर मग व्हेंट घ्या, पण नीट घ्या. वाईट व्हेंटपेक्षा नसलेला बरा, यावर मी ठाम आहे. लोक आडव्या पाइपाच्या बाजूने नळी काढतात आणि फरशीखालूनच आडवी नेतात. एकदा पाइप तुंबला की मैला त्यात शिरतो, आणि तिथून पाणी वाहत नसल्यामुळे धुतला कधीच जात नाही. नळी पाइपाच्या वरच्या अंगातून, उभी किंवा निदान ४५ अंशात निघाली पाहिजे. आडवी वळवायची ती कमोडच्या आणि बेसिनच्या काठाच्या वर गेल्यावरच, आणि तिथेही उतार परत पाइपाकडे.

वर आणखी मजले असतील तर ती मधेच त्या उभ्या मैला पाइपात जोडू नका. वरच्यांचं पाणी तुमच्या व्हेंटमध्ये येईल.

प्रतिसाद ४

बेसिन त्याच भिंतीला असेल तर वेगळी नळी कशाला? बेसिनचा पाइप कमोडच्या पाइपाला जोडा आणि बेसिनच्या जोडापासून तोच वर छतापर्यंत न्या. बेसिनचं पाणी जाता जाता खालचा भाग धुतं, वरचा भाग हवा देतो.

धागाकर्ती

बेसिन त्याच भिंतीला आहे! हे मला सुचलंच नव्हतं. आमचा वरचाच मजला, गच्ची डोक्यावर. प्लंबर अजूनही "कशाला" म्हणतोय. उद्या त्याला काडीची परीक्षा करून दाखवते. पाइप जोडून झाले की टाइल्सच्या आधी बादलीभर पाणी ओतून ट्रॅप बघणार, मगच भिंत बंद.