ईआरसीपीनंतर आतड्याला छिद्र : कुणाच्या घरी झालंय का?

वैशाली_कृष्णाकाठ
आई ६४ वर्षांची. आठ दिवसांपूर्वी डोळे पिवळे दिसले. सोनोग्राफी झाली, मग एमआरसीपी (पित्तनलिकेचा एमआरआय). मुख्य पित्तनलिकेत ९ मिमीचा खडा अडकलाय. परवा ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, काढणार आहेत. आज संमतीपत्र दिलं. 'आतड्याला छिद्र, रक्तस्राव, स्वादुपिंडाला सूज, क्वचित मृत्यू' एवढं वाचलं आणि सही करवेना. ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी सांगाल का?

बापूंचा_थोरला
वैशालीताई, आमच्या घरी झालंय. २०१९, माझे वडील.

अकराला खडा निघाला. वॉर्डात आल्यावर पोट दुखतंय म्हणाले. आम्ही म्हटलं, आत्ताच खडा काढलाय, दुखणारच. ही चूक मला आजही बोचते. चारच्या सुमाराला त्यांचा आवाज बदलला, नाकात बोलल्यासारखा. बटणं सोडून पाहिलं तर गळ्याच्या हाडावरचा खळगा भरून आलेला. बोटाने दाबलं तर कातडीखाली चुरचुरलं, भाजलेल्या पोह्यांवर दाबावं तसं. सिस्टर म्हणाल्या, ॲलर्जी असेल. मी तिथून हललो नाही, डॉक्टरांना बोलवायला लावलं. सीटीत कळलं : नलिकेचं तोंड कापताना आतड्याला मागून बारीक चीर गेली होती. दुर्बिणीतून सोडलेली हवा त्यातून पोटामागे शिरली आणि छातीतून मानेपर्यंत चढली.

तोंडाने पाणीसुद्धा नाही, नाकातून नळी, अँटिबायोटिक्स. सर्जन दिवसातून तीनदा येऊन पोट दाबून बघायचे. लवकर कळलं म्हणून ऑपरेशन टळलं. अकराव्या दिवशी घरी आले.

तरीही सही करा. असं छिद्र शंभरात एकालाही होत नाही. खडा तसाच राहून पित्तात जंतू झाले तर जिवावर बेतू शकतं. फक्त पहिली रात्र आईजवळ जागं माणूस ठेवा. आणि विचारा, हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरतात का. तो शरीरात लवकर शोषला जातो.

एंडोस्कोपी_सिस्टर
बापूंसारखं क्वचितच पाहिलंय. जास्त दिसते ती स्वादुपिंडाची सूज, शंभरात साधारण तीन ते दहा जणांना. पोटाच्या वरच्या भागात दुखून कळ पाठीत जाते, उलट्या होतात. ती टाळायला इंडोमेथासिनची गोळी गुदद्वारातून देतात, तेवढं विचारून घ्या. रक्तस्राव आठ-दहा दिवसांनीही होऊ शकतो. शी डांबरासारखी काळी झाली तर थेट हॉस्पिटल गाठा. पित्तनलिकेत स्टेंट (बारीक नळी) टाकला तर काढायची तारीख फाइलवर लिहून घ्या, माणसं विसरतात आणि तो तुंबतो. आईला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?

वैशाली_कृष्णाकाठ
हो, क्लोपिडोग्रेल! दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलाय. इथे कुणी विचारलंच नाही. आज सकाळचीही घेतली तिने. बंद करू का?

एंडोस्कोपी_सिस्टर
मनाने बंद करू नका. आत्ताच फोन लावा, पोटाच्या डॉक्टरांना आणि हृदयाच्याही. काय करायचं ते दोघांनी मिळून ठरवू दे.

वैशाली_कृष्णाकाठ
लावते.