भावना वगळली की निर्णय शुद्ध होतो का?

धागाकर्ता: "भावना बाजूला ठेवा, मग मेंदू अचूक निर्णय घेईल," हा सल्ला काल पुन्हा वाचला आणि राहवले नाही. मेंदूशास्त्रज्ञ अन्तोनियो दामासियो यांनी ज्याला 'एलियट' म्हटले, त्या रुग्णाच्या कपाळामागची गाठ आणि तिने बाधित झालेला भाग काढल्यावर बुद्धी व स्मृती शाबूत राहिली, विझली ती भावना; आणि तो नोकरी, संसार, साठवलेला पैसा सारे गमावून बसला. अशीच इजा झालेल्या दुसऱ्या रुग्णाला पुढच्या भेटीसाठी दोन तारखा सुचवल्या, तेव्हा तो जवळजवळ अर्धा तास डायरीची पाने उलटत, हवामानापासून इतर कामांपर्यंत कारणे मांडत राहिला. अखेर "दुसऱ्या तारखेला या" असे सांगताच "ठीक आहे" म्हणून निघाला.

प्रतिसाद १: दोन रुग्णांवरून सिद्धान्त उभा राहत नाही. पत्त्यांच्या चार गड्ड्यांचा प्रयोग आहे: काही गड्ड्या शेवटी तोट्यात नेतात, आणि त्या वाईट आहेत हे खेळाडूला कळण्याआधीच त्याच्या तळहाताला घाम येतो, म्हणजे भावना आधी इशारा देते, हा 1997 मधला दावा; पण 2004 मध्ये माइया आणि मॅक्लेलंड या संशोधकांनी खेळाडूंना बारकाईने विचारले, तेव्हा वाईट गड्डी कोणती हे त्यांना बरेच आधी ठाऊक असल्याचे दिसले. माझ्या वडिलांनी भाऊबंदकीच्या रागापायी दीड एकरासाठी 19 वर्षे दावा चालवला. तो रागही मेंदूचा शहाणा कौल मानायचा काय?

प्रतिसाद २: दावा लढणे हा वेडेपणा नव्हे! माझ्या आईने भावांच्या मायेपोटी हक्कसोडपत्रावर अंगठा दिला आणि पुढच्या दिवाळीला तिला माहेरचे बोलावणेही आले नाही. तिने थोडा राग धरला असता, तर तिचा हिस्सा वाचला असता. ज्याची जमीन गेली नाही, त्याने रागाला नावे ठेवू नयेत.

प्रतिसाद १: आमची जमीन वाचली, पण घर मोडले. आपण माझ्या घरात न डोकावता बोलत आहात.

धागाकर्ता: घामाच्या वेळेबद्दलचा आक्षेप मला मान्य करावा लागतो. पण त्याच प्रयोगात इजा झालेल्या काही रुग्णांना वाईट गड्डी अचूक ओळखता आली, तरीही ते तिच्यातलेच पत्ते उचलत राहिले. कळणे आणि वळणे यांमधला दुवाच तुटला होता, आणि माझा मुद्दा तोच आहे.

प्रतिसाद १: तेवढे मानतो. परंतु दाव्याचा खर्च जमिनीच्या किमतीपलीकडे गेल्याचे वकिलांनी वडिलांना समोर बसवून सांगितले होते. त्यांच्या मेंदूला कसलीही इजा नव्हती, त्यांना सारे समजलेही होते, आणि तरी पुढच्या तारखेला ते पहाटेच्या एसटीने तालुक्याला गेले.