टेंच, पर्च आणि पहाटेचं तळं : गळाला लागलेल्या माशाचे अनुभव येऊ द्या

कृष्णाकाठ :
तीनदा साबण लावला तरी हाताचा वास जात नव्हता. त्या वासानं मला थेट शिरोळ तालुक्यात नेऊन बसवलं, म्हणून हा धागा.

जूनच्या शेवटच्या शनिवार-रविवारी आम्ही पाच मराठी घरं मिळून नॉरफोकमधल्या एका तळ्यावर राहिलो. कडेनं पाणकणसं, एका कोपऱ्यात कमळाच्या पानांची दाटी. शुक्रवारी संध्याकाळी सामान उतरवतोय तोच पोरांना पर्च लागायला सुरुवात. गांडुळाचा तुकडा पाण्यात पडला की पर्च आलाच. अंगावर काळे पट्टे, पोटाखालचे पर शेंदरी, पाठीवरचा पर उभारला की काट्यांचं शीड. मासा वीतभर, पण ऐट बघावी! जेवायला हाका मारून मारून बायकोचा घसा बसला.

टेंच मात्र कुणालाच लागला नाही.

शनिवारी पहाटे पावणेपाचला धाकट्यानं हलवून उठवलं. नऊ वर्षांचा आहे. पाण्यावर वाफ धरलेली. पानांच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे झुपक्याझुपक्यानं वर येत होते. टेंच तळाचा गाळ उकरून खातो तेव्हा असे बुडबुडे येतात. तिथंच मक्याचे दोन दाणे लावून गळ सोडला. दोरीला मोरपिसाची दांडी. इथले जुने लोक अजून तीच वापरतात. पोरगा पीस बुडायची वाट बघत होता. पीस बुडालं नाही. दोन बोटं वर उठलं आणि पाण्यावर आडवं पडलं. माझ्या तोंडून निघालं, "वड!"

हा आबांचा शब्द. चाळीस वर्षांत माझ्या तोंडात आला नव्हता. आबा पंचगंगेवर बसायचे ते अशीच मोराच्या पिसाची दांडी लावून. शिशाचा मणी गळापासून चार बोटांवर, तळाला टेकलेला. तळाला चरणारा मासा दाणा उचलतो तेव्हा त्याच्याबरोबर शिसंही उचललं जातं, पिसावरचा भार जातो आणि ते आडवं होतं. आबा म्हणायचे, "बुडालं म्हंजे पळणारा मासा, पडलं म्हंजे बसून खाणारा." इंग्लंडातली टेंच धरायची जुनी पद्धत हुबेहूब हीच आहे. आबांनी इंग्लंड नकाशातसुद्धा पाहिलं नसेल.

मासा सव्वाचार पौंडांचा निघाला. शेवाळी हिरवा, खवले इतके बारीक की अंग चामड्यासारखं लागतं. डोळा लालभडक, ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांना एकेक इवलीशी मिशी. अंगावर बुळबुळीत चिकटा. पोरानं हात ओले करून दोन्ही तळव्यांवर धरला, पाण्यात टेकवला. मासा तसाच त्याच्या हातात थोडा वेळ थांबला, मग शेपटीचा एक फटकारा आणि गेला. पोरगं न्याहारीपर्यंत हात धुवायला तयार नव्हतं.

तुमचंही लिहा. कुठलंही पाणी, कुठलाही मासा.

मामाची_भाची :
आडवं पडलेलं पीस! अंगावर काटा आला वाचून.
त्या पाच घरांत आम्हीपण होतो. हे सांगायचं राहून गेलं की शनिवारी दुपारी सगळ्यात मोठा पर्च मला लागला. लहानपणी कोयनेवर मामाबरोबर जायचे, लग्नानंतर कधी गळ हातात धरला नाही. कुणी अडवलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. त्या दिवशी पोह्यांचं आवरून नुसती बघायला गेले आणि कुणीतरी काठी हातात दिली. मनगटाला तो धक्का बसला आणि मला मामाची टोपी दिसली. खरंच दिसली.
दोन तासांत सात पर्च. सातवा दोन पौंडांच्या वर. कल्ल्याच्या झाकणाचा काटा अंगठ्यात घुसला, त्याची खूण अजून आहे.

खाऊगल्ली :
पण खाल्ला की नाही ते सांगा.

कृष्णाकाठ :
@मामाची_भाची, तो सातवा तुझ्याच तोंडून यायला हवा होता, म्हणून मी लिहिला नाही.
@खाऊगल्ली, नाही. तळ्याचा नियमच तसा, धरलेला प्रत्येक मासा परत पाण्यात. गळालाही उलटा काटा नको, म्हणजे सोडवताना तोंड फाटत नाही.

श्लाय_बव्हेरिया :
इकडे जर्मनीत बरोबर उलटं आहे. टेंचला इथे श्लाय म्हणतात आणि तो खास खाण्यासाठीच धरतात. व्हिनेगरच्या पाण्यात शिजवला की अंगावरचा चिकटा निळा होतो, म्हणून त्या पदार्थाचं नाव 'निळा श्लाय'. चिकटा पुसला गेला तर रंग येत नाही, त्यामुळे साफ करताना फार जपतात.
इथे मासे धरायला आधी परीक्षा द्यावी लागते. मी बव्हेरियात वर्ग लावून दिली. माशांची शरीररचना, पाणी, कायदा, सगळं. आणि प्राणिरक्षण कायद्यामुळे फक्त मजेसाठी मासा धरून परत सोडणं चालत नाही, सबळ कारण लागतं, आणि खाणं हे सबळ कारण. मला हे पटतं. ज्याला खायचं नाही त्याच्या तोंडात गळ कशाला अडकवायचा?

कृष्णाकाठ :
प्रश्न खरा आहे. आबाही खायलाच धरायचे. मी पोराला अजून याचं उत्तर देऊ शकलेलो नाही, त्यानं विचारलं होतं.

पाऊसवेडी_गुहागर :
आमच्याकडचे चढणीचे मासे!!! पहिल्या पावसात वहाळातून उलटे शेतात चढतात ते. पोळ्या तव्यावर आहेत, नंतर लिहिते, कुणीतरी आठवण करा.

भिगवणचा :
आमच्याकडं उजनीत आता जाळ्यात बघाल तर चिलापीच. पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी आमची. गळानं घर चालत नाही, जाळंच लागतं. पण वडील रविवारी जाळ्याला हात लावायचे नाहीत. काठी घेऊन एकटेच काठाला बसायचे. आई म्हणायची, आठवडाभर मासेच बघता, आज तरी घरी बसा. तर म्हणायचे, ते काम, हे माझं. मरळ लागली तर घरी, बाकी सगळं परत. वर्षाला दोन-तीन मरळी लागत असतील. ज्या दिवशी लागायची त्या दिवशी चालण्यावरूनच आईला कळायचं.

सांगलीकर_लीड्स :
@कृष्णाकाठ शिरोळ तालुका म्हणजे नक्की कुठलं गाव? माझं आजोळ कुरुंदवाड!

कृष्णाकाठ :
अहो आमचं घर कुरुंदवाडपासून सायकलवर पंधरा मिनिटं! घाटाच्या वरच्या अंगाला बसायचो.

सांगलीकर_लीड्स :
काय सांगता! घाटावर आम्ही उड्या मारायचो, वरच्या अंगाला गळ घेऊन बसलेले म्हातारे आमच्यावर ओरडायचे. त्यात तुमचे आबा असणारच.

कृष्णाकाठ :
पांढरं धोतर, कानाला विडी?

सांगलीकर_लीड्स :
सगळ्यांचंच पांढरं धोतर आणि सगळ्यांच्याच कानाला विडी होती हो. पण मी आजपासून ते तुमचेच आबा धरून चालणार.

निळी_डोंगरवाट :
माहितीसाठी : टेंच भारतातही आणला होता. १८७४ साली इंग्रजांनी इंग्लंडहून उटीच्या तळ्यात सोडला. थंड हवेत आपल्या देशातला मासा गळाला लागावा ही हौस. मी उटीला गेले तेव्हा बोटवाल्याला विचारलं, त्याला नावही माहीत नव्हतं. घरापासून इतक्या लांब आलेल्या माणसानं आपल्या गावचा मासा मागवून घ्यावा, हे मला समजतं. आम्ही न्यू जर्सीत कढीपत्ता कुंडीत जगवतोच की.

दगडफूल :
मासे धरण्याचा शौक फार जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, बारावं शतक. त्याच्या 'मानसोल्लासा'त मत्स्यविनोद म्हणून सबंध प्रकरण आहे, गळानं मासे कसे धरायचे आणि कुठल्या माशाला काय खाऊ घालायचं इथपर्यंत. राज्य सांभाळणाऱ्या माणसानं एवढ्या बारकाईनं लिहून ठेवावं याचं मला फार अप्रूप वाटतं. आबांची परंपरा मोठी आहे.

तांबडी_माती :
शिशाच्या मण्यावरून... माझे काका तो दातानं दाबून दोरीवर बसवायचे. तासन्‌तास तोंडात. आता आठवलं की पोटात कालवतं. तेव्हा कुणाला माहीत होतं?

कृष्णाकाठ :
आबाही. अगदी तसंच, दाढेखाली. इंग्लंडात १९८७ पासून बारीक शिसं बंद आहे. हंस तळातल्या खड्यांबरोबर ते गिळायचे आणि विष चढून मरायचे. आता त्या जागी दुसऱ्या धातूचे मणी मिळतात. दुकानात पहिल्यांदा पुडीवर 'शिसेविरहित' वाचलं तेव्हा मी पुडी हातात घेऊन तसाच उभा राहिलो होतो. काकांची तब्येत कशी आहे?

तांबडी_माती :
काका गेले २०११ ला. हृदयविकारानं, शिशाचा काही संबंध नसावा. विचारल्याबद्दल बरं वाटलं.

टेम्सकाठची :
आमच्या शेजारचे इंग्लिश आजोबा ८१ वर्षांचे आहेत. पर्च म्हटलं की डोळे भरतात. सांगतात, १९६० च्या दशकाच्या शेवटी पर्चला अंगावर व्रण पडायचा रोग आला आणि देशभरातल्या तळ्यांतून पर्च जवळजवळ नाहीसे झाले. त्यांच्या लहानपणी प्रत्येक पोराचा पहिला मासा पर्चच असायचा. त्यांच्या स्वतःच्या मुलांना मात्र कितीतरी वर्षं तो दिसलाच नाही. हळूहळू परत आले. @मामाची_भाची, तुला दोन तासांत सात पर्च लागले, हे त्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, आकडा परत सांग.
विषयांतर : तळ्यावर मच्छर होते का? आम्हाला ऑगस्टमध्ये जायचंय, धाकटीला चावले की गांधी उठतात.

मामाची_भाची :
संध्याकाळी भरपूर. ओडोमॉस होतं म्हणून निभावलं. आणि गवतात गोचीड असते, पायमोजे वर ओढून ठेवा, रात्री मुलांचे पाय तपासा.

पवईकर :
पवई तलावाच्या काठी अँगलिंग असोसिएशनचं आवार आहे, तिथं बाबा रविवारी न्यायचे. आयआयटीच्या बाजूला ऊन तापेपर्यंत बसायचं. मगर दिसली की त्या दिवशी गळ बाजूला आणि नुसतं बघणं. कटला लागला होता एकदा, चाळीस मिनिटं ओढत होते बाबा. मी सात वर्षांचा. काठी मला धरू दिली तेव्हा पलीकडे कुणीतरी जिवंत आहे हे हातांना कळलं. दुसरं काही आठवत नाही, कटल्याचं वजनसुद्धा नाही.

सायली_लेस्टर :
बराच वेळ लिहू की नको करत होते. ह्यांच्या काठ्या गॅरेजमध्ये आहेत. तीन काठ्या, हिरवी पेटी, छत्री. जाऊन सव्वा वर्ष झालं. पेटी मी मार्चमध्ये पहिल्यांदा उघडली, वरच्या कप्प्यात मक्याचा बंद डबा आणि माझ्या हातची चिठ्ठी होती, "दूध आणा". मागे लिहिलेलं : टेंच, ५ पौंड १ औंस, ६:२०. त्यांनी मला त्या माशाबद्दल सांगितलं असणार. मी ऐकलं नसेल.
काठ्या देऊन टाकू का? मुलगा १४ वर्षांचा आहे, काही बोलत नाही.

भिगवणचा :
देऊ नका ताई.

मामाची_भाची :
सायली, मिठी. काहीच देऊ नकोस आत्ता.

कृष्णाकाठ :
सायलीताई, काठ्या राहू द्या. गॅरेजमध्ये ओल असेल तर कापडी पिशवीतून काढून भिंतीला उभ्या करा, रिळाची दोरी मात्र नवी भरावी लागेल, जुनी तुटते. मुलगा १४ वर्षांचा म्हणजे त्याचा परवाना फुकट आहे, पण काढावा लागतो. पर्यावरण खात्याच्या संकेतस्थळावर पाच मिनिटांचं काम. १३ च्या आतल्यांना तोही लागत नाही. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी आम्ही परत तळ्यावर जातोय. लेस्टरहून दोन-अडीच तास. त्याला बोलायला लावणार नाही कुणी, तिथं तसंही कुणी बोलत नाही. त्याच्या वडिलांची पेटी घेऊन या.

सायली_लेस्टर :
विचारते त्याला.

खाऊगल्ली :
सायली, मी त्या शनिवारी जेवणाचं बघेन. मी बर्मिंगहॅमला असतो. मासे सोडून काहीही सांगा.

श्लाय_बव्हेरिया :
५ पौंड १ औंस मोठा टेंच आहे. मला सात वर्षांत एवढा लागलेला नाही. मुलाला हे जरूर सांगा.

सांगलीकर_लीड्स :
@पाऊसवेडी_गुहागर पोळ्या झाल्या का? चढणीच्या माशांचं राहिलंय.

पाऊसवेडी_गुहागर :
झाल्या, भांडीपण झाली. वरचं सगळं वाचून काही सुचत नाहीये, तरी लिहिते.
मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला की रात्री वडील कंदील आणि मासे धरायचा बांबूचा खोलपा घेऊन निघायचे. शेतातलं पाणी बांधावरून वहाळात पडतं, तिथं मासे खालून वर उड्या मारतात. अंडी घालायला शेतात यायचं असतं त्यांना. आम्ही मुलं बांधावर बसून कंदील धरायचो. उजेडात पांढरं पोट चमकलं की वडील खोलपा पुढे करायचे. पोटात गाभोळी असलेली मासळी हाताला जड लागते, ती ते बोटांनी चाचपून शेताच्या बाजूला सोडायचे. आई विचारायची, एवढीच आणलीत? तर म्हणायचे, बाकीची वर गेली.
आता वहाळाला सिमेंटचा बांध घातलाय. मे महिन्यात गेले होते तेव्हा खोलपा माळ्यावर सापडला, बांबू अजून शाबूत आहे.

सायली_लेस्टर :
हो म्हणाला. पेटीतला मक्याचा डबा तसाच ठेवायचा म्हणतो, नवा घ्या म्हणतोय. कुठला घेऊ?

कृष्णाकाठ :
साधा, दुकानातला. बिनमिठाचा मिळाला तर बघा.