आर्नो बाबाजान्यान: पियानो ट्रिओ लिहिणारा आणि ट्विस्ट लिहिणारा माणूस एकच का?

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

मंडळी, वेस्टर्न क्लासिकलचा माझा अभ्यास वगैरे नाही, ऐकायला मनापासून आवडतं एवढंच. मध्यंतरी यूट्यूबवर एक पियानो ट्रिओ (पियानो, व्हायोलिन आणि चेलो या तीन वाद्यांची रचना) समोर आला, एफ शार्प मायनरमधला, संगीतकार आर्नो बाबाजान्यान, आर्मेनियाचे. नाव कधी ऐकलेलं नव्हतं, पण सुरुवातीला व्हायोलिन आणि चेलो एकच सूर धरून जे हळूहळू चालू लागतात ना, तिथेच मी हातातलं काम बाजूला ठेवलं. पूर्ण ऐकला, मग परत ऐकला, आता रोजचं झालंय.

तर त्यांचं अजून काही मिळतंय का म्हणून नाव टाकून शोधलं, तर आली १९६०च्या दशकातली रशियन गाणी. चक्क ट्विस्ट! सुटाबुटातला गायक, मागे बँड, आणि संगीतकार म्हणून हेच नाव. हे दोन वेगळे बाबाजान्यान आहेत की एकच? एकच असतील तर कोणीतरी यांच्याबद्दल नीट सांगा प्लीज, मराठीत काहीच सापडत नाहीये. आणि पुढे काय ऐकू तेही सांगा.

---

काळी_पांढरी_पट्टी

एकच आहेत! आणि तुम्ही ट्रिओपासून सुरुवात केलीत हे फार छान झालं.

जन्म १९२१, येरेवान. लहानपणीची गोष्ट अशी सांगतात की अराम खाचातुरियान (सेबर डान्सवाले, ती धून तुम्ही नक्की ऐकली असेल) एका बालवाडीत गेले होते, तिथे हा पोरगा गाताना आणि ताल धरताना त्यांनी पाहिला आणि म्हणाले याला संगीत शिकवा. सातव्या वर्षी तो येरेवान कॉन्झर्वेटरीच्या (संगीत महाविद्यालयाच्या) मुलांच्या वर्गात होता. १९३८ मध्ये मॉस्कोला गेले, पुढे तिथल्या कॉन्झर्वेटरीत कॉन्स्टंटिन इगुम्नोव यांच्याकडे पियानो शिकले, कॉम्पोझिशन विस्सारियोन शेबालिन यांच्याकडे. म्हणजे पियानोवादक म्हणून पण ते पहिल्या फळीतले, आणि हे त्यांच्या संगीतात जागोजागी दिसतं, हाताला काय शोभतं हे त्यांना आतून माहीत होतं.

१९४८ला शिक्षण संपलं. ते वर्ष किती वाईट होतं बघा, त्याच वर्षी सोव्हिएत पक्षाने 'फॉर्मॅलिझम'चा (म्हणजे लोकांना न कळणारं, नुसत्या तंत्राच्या मागे लागलेलं संगीत लिहिल्याचा) आरोप ठेवून शोस्ताकोविच, प्रोकोफिएव्ह, खाचातुरियान सगळ्यांना जाहीर झोडपलं, शेबालिन यांची तर कॉन्झर्वेटरीची संचालकपदाची खुर्चीच गेली. ज्याचे गुरू आणि आदर्श एकदम गुन्हेगार ठरवले जातात अशा पंचविशी-तिशीतल्या संगीतकाराने काय लिहायचं? बाबाजान्यान यांनी १९५० मध्ये पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठी 'हिरोइक बॅलड' लिहिली, तिला १९५१ चं स्टालिन पारितोषिक मिळालं. काही लोक एवढ्यावरून तिला सरकारी संगीत म्हणून सोडून देतात, मला ते पटत नाही. पियानोचा भाग ऐका, त्यात आर्मेनियन लोकसंगीताचे वळसे आहेत, रखमानिनोव आहे, आणि एक तरुण माणूस जीव तोडून बोलतोय.

आणि १९५२ मध्ये तुमचा ट्रिओ. त्याचं त्यांचं स्वतःचं रेकॉर्डिंग आहे, व्हायोलिनवर डेव्हिड ओइस्त्राख, चेलोवर स्व्यातोस्लाव क्नुशेवित्स्की आणि पियानोवर खुद्द बाबाजान्यान. आवाज जुना आहे तरी तेच ऐका.

---

झपतालप्रेमी

ट्रिओबद्दल माझी भर. तुम्ही ज्या सुरुवातीवर थांबलात ती धून नीट लक्षात ठेवा, कारण ती नुसती प्रस्तावना नाहीये. पहिल्या भागात ती पुन्हा उसळून येते आणि तिसऱ्या भागाच्या शेवटी शेवटी, जेव्हा आपण तिला जवळपास विसरलेलो असतो, तेव्हा परत येते, आणि आता तिचं वजन पार बदललेलं असतं कारण मधल्या वीसेक मिनिटांत आपण कुठून कुठे गेलोय. दुसरा भाग म्हणजे व्हायोलिनचं एक लांबलचक गाणं, खाली पियानो अगदी हलक्या हाताने. तिसरा भाग पाच मात्रांच्या गटात धावतो. आपल्या कानाला पाचाची सवय झपतालामुळे (दोन-तीन, दोन-तीन) असतेच, पण इथे लय इतकी जलद आहे की मोजायला गेलात तर हुकाल, तेव्हा मोजू नका, अंगात उतरू द्या. कॉकेशसच्या नाचांत अशा विषम लयी मुरलेल्या आहेत, त्यामुळे त्यांनी काहीतरी अवघड करून दाखवायचं म्हणून पाच घेतलेत असं कुठेही वाटत नाही.

---

रशियन_शिकतेय

गाण्यांबद्दल मी सांगते, कारण रशियन शिकताना मी यांच्याच गाण्यांवर वाढलेय 😊

तुम्ही पाहिलेला गायक बहुतेक मुस्लिम मागोमायेव. बाकूचा, अझरबैजानचा, ऑपेराचा आवाज, आणि पॉपमध्ये त्या काळी त्याच्यासाठी लोक वेडे होते. ट्विस्ट म्हणजे १९६४ चं मॉस्को शहरावरचं गाणं असणार, शब्द लिओनिद देर्बेन्योव यांचे. ट्विस्ट हा तेव्हा 'पाश्चात्त्य' नाच, आणि त्यात राजधानीवर गाणं, त्यामुळे तेव्हाचे सोव्हिएत नेते ख्रुश्चेव भडकले आणि गाणं रेडिओवरून काढायला लावलं असं सांगतात. लोकांनी ते सोडलं नाही, आजही रशियात ते सगळ्यांना पाठ असतं. मग 'सौंदर्याची राणी' आलं, १९७१च्या सुमाराला 'लग्न' आलं (शब्द रॉबर्ट रोझदेस्तवेन्स्की), ते तर अजूनही खऱ्या लग्नांत वाजतं. येवतुशेन्को आणि वोझ्नेसेन्स्की या मोठ्या कवींबरोबरही त्यांनी गाणी केली, म्हणजे पॉप आहे म्हणून शब्द कसेही चालतील असं त्यांचं नव्हतं.

एक गोष्ट मला फार लागते. आर्मेनियन संगीतकार आणि अझरबैजानी गायक, दोघांची घट्ट जोडी, आणि बाबाजान्यान गेल्यावर काही वर्षांतच या दोन देशांमध्ये काराबाख या दोघांनी हक्क सांगितलेल्या प्रदेशावरून युद्ध पेटलं. आज त्या गाण्यांखालच्या कॉमेंट्स वाचा, दोन्हीकडचे लोक येऊन लिहितात. गाण्यावर कोणाला हक्क सांगता येत नाही तिथे.

---

विलंबित

थोडा वेगळा सूर लावतोय, राग मानू नका. एवढा ट्रिओ लिहिणारा माणूस ट्विस्टमध्ये गेला याचं मला वाईटच वाटतं. १९५९ चा व्हायोलिन सोनाटा ऐका, शोस्ताकोविचना अर्पण केलेला, किती खोल आहे तो. १९६२ मध्ये चेलोवादक रोस्त्रोपोविचसाठी चेलो कन्चेर्टो (चेलो आणि ऑर्केस्ट्राची रचना). आणि त्यानंतर गाणीच गाणी. गाण्यांमुळे घराघरात नाव पोचलं हे मान्य, पण सिम्फनी राहूनच गेली ना?

---

काळी_पांढरी_पट्टी

@विलंबित, राग कसला, हा प्रश्न त्यांच्या हयातीतही विचारला जायचाच. पण "त्यानंतर गाणीच गाणी" हे खरं नाही हो. १९६५ मध्ये, म्हणजे ट्विस्ट गाजत असतानाच, त्यांनी पियानोसाठी 'सहा चित्रं' लिहिली, आणि त्यात बारा स्वरांचं तंत्र (सप्तकातले बाराही स्वर ठरवलेल्या क्रमाने वापरायचे, कुठलाच स्वर मुख्य नाही) वापरलंय, जे सोव्हिएत युनियनमध्ये तेव्हा संशयाने बघितलं जायचं. शेवटचं चित्र सासून या जुन्या आर्मेनियन डोंगराळ भागातल्या लोकांचा नाच आहे, रोखठोक, दगडासारखा. एकाच वेळी एका टेबलावर बारा स्वरांची मांडणी आणि ट्विस्ट! १९७६ चं तिसरं स्ट्रिंग क्वार्टेट शोस्ताकोविचच्या स्मरणार्थ आहे. १९७८ मध्ये खाचातुरियान गेले तेव्हा पियानोसाठी 'एलेजी' लिहिली, अठराव्या शतकातल्या सायात-नोवा या आशुग कवी-गायकाच्या गाण्यावर बेतलेली. ज्यांनी बालवाडीत हेरलं त्यांना निरोप द्यायला त्यांनी स्वतःची मोठी थोरली रचना पुढे केली नाही, सगळ्या आर्मेनियाला ठाऊक असलेलं गाणं घेतलं आणि अतिशय साधेपणाने मांडलं.

अजून एक गोष्ट विसरू नका, १९५०च्या दशकातच त्यांना ब्लड कॅन्सर झाला होता. तिशीतला माणूस, आणि त्या काळातली औषधं. तरी ते १९८३ पर्यंत जगले. ही सगळी गाणी, सोनाटा, क्वार्टेट त्या आजाराच्या सावलीत लिहिलेली आहेत. अशा माणसाने नाचायला लावणारं गाणं लिहिलं तर मला ती उधळपट्टी वाटत नाही. धून त्यांच्याकडे एकाच झऱ्यातून यायची, ट्रिओचा दुसरा भाग आणि त्यांची संथ गाणी लागोपाठ ऐका, हात तोच आहे हे लगेच कळतं.

---

रशियन_शिकतेय

हो, आणि 'नॉक्टर्न'ची गोष्ट तर याच वादातली आहे. ती मुळात पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठी केलेली रचना, थोडी जॅझच्या अंगाची. रोझदेस्तवेन्स्की तिच्यावर शब्द लिहू द्या म्हणून मागे लागले होते आणि बाबाजान्यान दरवेळी नाही म्हणायचे असं सांगतात. ते गेल्यावर कवीने शब्द लिहिले, योसिफ कोब्झोन या गायकाने गायलं आणि ते त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यांपैकी एक झालं. म्हणजे कुठली धून गाणं व्हावी आणि कुठली होऊ नये हे त्यांचं ठरलेलं असायचं, उगाच सगळं पॉपमध्ये ओतत नव्हते.

---

भाचीचा_मामा

माझी भाची येरेवानला मेडिकलला आहे (आपली बरीच मुलं आहेत तिकडे), तिला भेटायला गेलो तेव्हा ऑपेरा हाउसजवळच्या तळ्यापाशी यांचा पुतळा पाहिला. पियानोवर बसलेले, अंग मागे झुकलेलं, बोटं अशी लांब आणि नाक असं की आधी दचकायला होतं. शिल्पकार दाविद बेजान्यान. बसवला तेव्हा लोक जाम चिडले होते म्हणे, मग त्यात बदल केले. मला मात्र आवडला, वाजवणाऱ्या माणसाचा जोर त्यात आहे. तेव्हा संगीत ऐकलेलं नव्हतं, आज या धाग्यामुळे ट्रिओ लावलाय.

---

विलंबित

@काळी_पांढरी_पट्टी, 'एलेजी' ऐकली. दोनदा ऐकली. सिम्फनीची हळहळ माझी कायम राहील पण गाण्यांबद्दल जरा घाईने बोललो नाही असं म्हणणार नाही, तुमचा मुद्दा पोचला. 'सहा चित्रं' कोणाच्या वादनात ऐकू?

---

काळी_पांढरी_पट्टी

त्यांनी स्वतः वाजवलेलं जे जे मिळेल ते आधी. @मंद्रसप्तक, तुमच्यासाठी क्रम: ट्रिओ झालाच आहे, आता 'एलेजी', मग १९५१ चं 'काप्रिचिओ' (छोटं आहे, मजा येईल), मग 'हिरोइक बॅलड', मध्ये मध्ये मागोमायेवची दोन-चार गाणी, आणि व्हायोलिन सोनाटा कान तयार झाल्यावर. 'सहा चित्रं' शेवटी, आणि पहिल्यांदा नाही आवडली तर सोडू नका, आधी शेवटचा नाच ऐकून मग उलट मागे या.

---

मंद्रसप्तक

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ओइस्त्राखवालं रेकॉर्डिंग सापडलं. @झपतालप्रेमी, तिसऱ्या भागात ती धून परत येते ती जागा आज कळली, इतके दिवस नुसतं अंगावर काटा यायचा, का ते कळत नव्हतं. व्हायोलिन सोनाट्याबद्दल कोणी सविस्तर लिहिणार का?