आजोबांची तेलाची बाटली फ्रेंच आहे का? आणि साल कसं ठरवायचं?

साखरपेठ

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, साखर पेठेतला. फोटो तीन टाकलेत, पण उजेड कमी होता. प्रत्यक्षात रंग याहून निळा आहे.

वस्तू अशी: पत्र्याची चपटी बाटली. पाणी ओतून पाहिलं, दोन लिटरला थोडं कमी भरलं. वर दोन तोंडं. एक रुंद, नरसाळ्यासारखं पसरट. दुसरी करंगळीएवढी बारीक नळी. बुचं नाहीत, पण एका तोंडाला सुतळीचा तुकडा अडकलेला आहे. अंगावर जाड लोकरी कापडाची खोळ शिवून बसवलेली, एका कुशीला कसरीने खाल्लेली. पट्टा नाही, पट्टा ओवायला पत्र्याचे कान आहेत. बुडाकडे खोळ फाटली आहे, तिथे पत्र्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी आजोबांचं नाव आणि १९५२ साल घातलंय, आपण भांड्यांवर घालतो तसं.

आजोबा इथल्या गिरणीत विव्हिंग खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम होते. या बाटलीतून ते साच्यांना, म्हणजे मागांना, तेल घालायचे. माझ्या लहानपणी ती देवळीत असायची आणि आई हात लावू देत नसे, तेलाचे डाग निघत नाहीत म्हणून. घरात तिला 'मिलिट्रीची बाटली' म्हणायचे. मिलिट्री म्हणजे इंग्रजांची, असंच आम्ही धरून चाललो.

मंगळवार बाजारातल्या एका विक्रेत्याने बघताक्षणी सांगितलं, "ब्रिटिश माल, बावन्न साली लिलावात निघालेला," आणि आठशे रुपये देऊ केले. नंतर परदेशातल्या एका संग्राहकाने फोटो बघून ही फ्रेंच आहे असं कळवलं आणि कितीतरी जास्त रक्कम बोलला. दोघांच्या बोलण्यात इतका फरक कसा?

मला विचारायचं ते असं. ही खरंच फ्रेंच आहे का? कोणत्या सालची? खोळ फार तेलकट झाली आहे, ती धुऊ का? आणि त्याच विक्रेत्याकडे एक फ्रेंच हेल्मेट आहे. 'पहिल्या महायुद्धातलं, व्हर्दनच्या लढाईतलं' म्हणतो आणि बावीस हजार मागतो. घ्यावं का?

रंगखाता

खोळ धुऊ नका. बाकीचं सावकाश वाचा, पण हे आधी ऐका.

अशीच एक निळी खोळ मी बारा-तेरा वर्षांपूर्वी कोमट पाण्यात साबण घालून भिजवली होती. आयुष्य रंगखात्यात गेलं, कापड मला कळतं असा विश्वास होता. पण ते सुती कापड नव्हतं. लोकर आटली, शिवण उसवली, खोळ बाटलीवर परत बसली नाही. आतल्या बाजूला शाईचा शिक्का होता, तो मी वाचून ठेवला नव्हता. पाण्याबरोबर तो गेला. त्या बाटलीबद्दल जे काही कळण्यासारखं होतं ते त्या शिक्क्यात होतं. आजही ती बाटली हातात घेतली की वाईट वाटतं.

आणि बाटलीत ओतलेलं पाणी आजच काढून ती उन्हात उलटी ठेवा. आत कल्हईचा पत्रा आहे. तुमच्या आजोबांच्या तेलानेच तो इतकी वर्षं गंजापासून वाचला.

आता बाटली. ती फ्रेंचच आहे. याला फ्रेंच 'बिदाँ' म्हणतात, मॉडेल १८७७. ओळख पटवायला दोन तोंडं पुरेत. रुंद तोंड भरण्यासाठी, बारीक नळी पिण्यासाठी. नळीतून पाण्याची धार पडते, तोंड लावावं लागत नाही. आपण तांब्या उंच धरून वरून पितो तसंच. दोन्हीकडे बुचं असायची, सुतळीने बांधलेली. तुमच्याकडचा सुतळीचा तुकडा काढू नका, तो बहुधा तिथलाच आहे. इंग्रजांच्या त्या काळच्या बाटलीला एकच तोंड असतं, अंगावर निळसर एनॅमल आणि त्यावर खाकी फेल्टची खोळ. ती एकदा हातात घेतली की दोन्हींत गल्लत होत नाही. विक्रेत्याला ती ठाऊक असेल, ही नसेल.

या मॉडेलची मूळ बाटली एक लिटरची. दोन लिटरची आधी आफ्रिकेतल्या फौजांसाठी होती, कारण वाळवंटात एक लिटर पुरत नाही. पहिल्या महायुद्धात खंदकांतली लढाई लांबली तेव्हा दोन लिटरची सगळ्यांकडे आली. त्यात पाण्याबरोबर लाल वाइनही असायची. १९१४ साली रोज पाव लिटर मिळायची, १९१६ साली ती अर्धा लिटर झाली. बाटली फुगून जास्त मावावं म्हणून शिपाई तिच्यात बिनगोळीचं, नुसत्या दारूचं काडतूस उडवायचे, असं त्यांच्या आठवणींत येतं. तुमच्या बाटलीचं पोट सरळ आहे की फुगीर, तेही बघा.

सालाकडे वळण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. अशा वस्तूला एक साल नसतं. धडाचं साल वेगळं, खोळीचं वेगळं, पट्ट्याचं वेगळं, आणि वर घातलेल्या नावाचं वेगळं. मॉडेल १८७७ म्हणजे बाटली १८७७ ची असं नाही. तोच नमुना पुढे अनेक वर्षं बनत राहिला. आणि १९५२ हे साल फ्रेंचांचं नाहीच, ते तुमच्या घराचं आहे. त्यातून एवढंच कळतं की ५२ साली बाटली आजोबांच्या हातात होती. पण ती खूण पुसू नका. मी संग्राहक आहे, मला ती बाटलीइतकीच मोलाची वाटते.

साल खोळीत सापडेल. तुम्ही साच्यांच्या घरातले, देवळीत नाहीतर पेटीत पीक ग्लास, धागे मोजायचं भिंग, असणारच. खोळीच्या शिवणीत, दुमडलेल्या जागी, जिथे ऊन लागलेलं नाही, तिथून एकच धागा सुईने उचला. ओढून तोडू नका. भिंगाखाली बघा. तो धागा एकाच रंगाचा दिसतो, की त्यात वेगवेगळ्या रंगांचे तंतू आहेत?

हे का विचारतो ते सांगतो. युद्धाच्या आधीपर्यंत फ्रेंच पायदळाच्या विजारी लाल भडक होत्या. तो तांबडा मंजिष्ठेच्या मुळातला. पण १८६९ नंतर तोच रंग, अलिझरीन, रसायनातून करता येऊ लागला, तो धंदा जर्मनीकडे गेला आणि फ्रान्समधली मंजिष्ठेची शेती बसली. १९१४ च्या जुलैत फ्रेंचांनी नवं कापड मंजूर केलं: निळी, तांबडी आणि पांढरी लोकर मिसळून विणलेलं. ऑगस्टमध्ये जर्मनीशीच युद्ध पेटलं. तांबडा कुठून आणणार? मग तांबडा वगळला आणि उरलेल्या निळ्या-पांढऱ्यातून कापड केलं. शंभरात ३५ भाग पांढरी लोकर, ५० भाग फिकी निळी, १५ भाग गडद निळी. त्याला 'ब्ल्यू ओरिझाँ' म्हणतात, क्षितिजाचा निळा. १९१५ मध्ये ते आघाडीवर पोचू लागलं.

म्हणजे हा रंग कापडाला दिलेला नाही, सुतालाही दिलेला नाही. आधी लोकर रंगवली, मग मिसळली, मग कातली. सांगोल्याकडच्या करड्या घोंगडीत काळी-पांढरी लोकर मिसळलेली असते, तसंच. नंतर कोणी निळ्या रंगात बुडवून 'जुनी' खोळ केली असेल तर धाग्यातला प्रत्येक तंतू एकाच निळ्याचा दिसेल. भिंगाला हे लपत नाही. आमच्या रंगखात्यात सुताचा लॉट असा तपासायचो, तेव्हा वाटलं नव्हतं की हे पुढे कधी असं कामी येईल.

एक जोड माहिती. त्याच युद्धात जर्मनीची कृत्रिम नीळ बंद झाली आणि आपल्याकडच्या नैसर्गिक निळीला काही वर्षं पुन्हा भाव आला होता.

धाग्याचं काय दिसतं ते कळवा.

साखरपेठ

काका, पाणी लगेच काढलं. बाटली गच्चीवर उलटी ठेवली आहे, पोट सरळ आहे.

पीक ग्लास मिळाली. आजोबांच्याच पेटीत, पितळेची, घडीची. शिवणीतला धागा उचलून पाहिला. आधी नुसता राखाडी दिसला. मग खिडकीशी नेला आणि तंतू सुटे झाले. पांढरे बरेच आहेत, केसासारखे चमकतात. बाकी बहुतेक फिके, आभाळी. आणि अधूनमधून एखादा जवळजवळ काळा वाटावा इतका गडद निळा. एकाच धाग्यात तिन्ही! बायकोलाही बोलावून दाखवलं.

तुटलेला एक तंतू जाळून पाहिला. केस जळल्याचा वास आला, राख बोटात चुरली. सुती नाही हे नक्की.

आणखी एक सापडलं. पट्ट्याच्या एका कानाखाली, पत्रा आणि खोळ यांच्यामध्ये, दुसऱ्याच कापडाची नखाएवढी चिंधी दबलेली आहे. ती बरीच गडद आहे, निळसर राखी, आणि तिच्यात तीन रंग दिसत नाहीत. ती काय असेल?

रंगखाता

वाचून फार आनंद झाला. तिन्ही तंतू दिसले म्हणजे खोळीचं कापड क्षितिजनिळं, आणि ते १९१५ च्या आधीचं नाही. पुढची मर्यादा तितकी घट्ट बांधता येत नाही. १९२० च्या दशकात फ्रेंचांनी खाकी स्वीकारायचं ठरवलं, पण निळा साठा प्रचंड होता आणि तो पुढे बरीच वर्षं वापरात राहिला. आफ्रिकी आणि वसाहतींच्या फौजांकडे मात्र मोहरीसारखी पिवळसर खाकी होती, तुमची तशी नाही.

त्या चिंधीला बोटही लावू नका. युद्धाआधी खोळी त्यांच्या ओव्हरकोटाच्या कापडाच्या असायच्या, गडद, लोखंडी राखी निळा. तुमच्या वर्णनाशी ते जुळतं. तसं असेल तर ही बाटली आधी त्या खोळीत होती, मग ती खोळ काढून क्षितिजनिळी चढवली. धड जुनं, खोळ नंतरची. वर सांगितलं ते तुमच्या हातातच निघालं.

त्या कानाचा अगदी जवळून, बाजूच्या उजेडात फोटो काढा आणि तारीख घालून ठेवा.

लोखंडीटोपी

पुण्याहून लिहितो. हेल्मेटचा फोटो पाहिला. बावीस हजार देऊ नका, निदान 'व्हर्दनचं' म्हणून तर नाहीच.

व्हर्दनची लढाई १९१६ ची. तेव्हा फ्रेंच शिपायाच्या डोक्यावर मॉडेल १९१५ होतं, ऑगुस्त-लुई आद्रियाँ यांनी तयार केलेलं. पत्रा जेमतेम ०.७ मिलिमीटर. ते चार भागांचं असतं: वाटी, पुढची झाप, मागची मानेवरची झाप आणि वरचा तुरा. बोट कडेने फिरवा, दोन्ही झापा कानाशी एकमेकींना जोडलेल्या लागतात. तुमच्या विक्रेत्याचं हेल्मेट वाटी आणि कड मिळून एकाच पत्र्यातून दाबून काढलेलं आहे, जोड कुठेच नाही. तुरा लहान आहे आणि त्याखाली हवेसाठी बारीक भोकांची रांग दिसते. हे मॉडेल १९२६, मँगनीज पोलादाचं. युद्ध संपल्यावर आठ वर्षांनी आलेलं.

पुढचा बिल्लाही बघा. त्यावर गोल तबकडी आहे, असा बिल्ला १९३७ पासूनचा. १९१५ च्या पायदळी हेल्मेटवर पेटत्या ग्रेनेडचा कापीव आकार आणि त्यात 'आरएफ' अक्षरं असतात. तोफखान्याला फुलीसारख्या दोन तोफा, वसाहतींच्या फौजांना नांगर, आफ्रिकी फौजांना चंद्रकोर. पण बिल्ला मागे दुमडलेल्या पत्र्याच्या जिभांवर बसतो, दोन मिनिटांत बदलता येतो. म्हणून बिल्ल्यावरून साल कधी ठरवू नका, आधी जोड बघा.

विक्रेता खोटं बोलतोय असं मला वाटत नाही. त्याला जे सांगितलं गेलं ते तो पुढे सांगतोय. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीचं हेल्मेट म्हणून ते चांगलंच आहे, त्या भावात मिळालं तर जरूर घ्या. मी पहिलं हेल्मेट घेतलं तेव्हा ते चकचकीत करायच्या नादात कॉस्टिक सोड्यात घातलं होतं. मूळ निळा रंग सोलून निघाला. तेव्हापासून कोरड्या मऊ ब्रशपलीकडे काही वापरत नाही.

कधी पुढच्या झापेवर पितळी पट्टी दिसली, 'सोल्दा द ला ग्रांद गेर १९१४-१९१८' अशी, तर मला लगेच कळवा. युद्ध संपल्यावर शिपायांना आपलं हेल्मेट आठवण म्हणून ठेवता आलं, ती पट्टी त्याची.

जुनेकागद

एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. परदेशी संग्राहकाला बाटली पाठवण्याआधी थांबा. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी ऐतिहासिक वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. बाटली तेवढी जुनी नाही असं वाटत असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'पुराणवस्तू नाही' असा दाखला घ्यावा लागतो. खोळ १९१५ नंतरची आणि धड त्याआधीचं, असं तुम्हीच इथे सिद्ध केलंय. कुरिअरवाल्याला 'जुनं भांडं' म्हणून पार्सल देऊ नका.

साखरपेठ

सगळ्यांचे मनापासून आभार.

परदेशी गृहस्थांना नकार कळवला. खरं तर कायद्याचं वाचायच्या आधीच मन होत नव्हतं. विक्रेत्याकडेही जाऊन आलो, हेल्मेटची कड आणि भोकांची रांग त्याला दाखवली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, म्हणाला विचार करून सांगतो.

बाटली जुन्या धुवट सुती धोतराच्या फडक्यात सैल गुंडाळून कपाटात ठेवली आहे. कसर पुन्हा लागू नये म्हणून डांबरगोळ्या वेगळ्या पुरचुंडीत, खोळीला न टेकवता. आईने कपाट उघडून पाहिलं आणि अजून तेलाचा वास येतो म्हणाली.

काका, एकच शेवटचं. इथे चामड्याचं काम करणारा चांगला कारागीर ओळखीचा आहे. त्याच्याकडून जुन्या पद्धतीचा पट्टा करून लावू का?

रंगखाता

पट्टा जरूर करा, पण वेगळा ठेवा, लावू नका. तो कानातून ओवायला गेलात तर ती चिंधी निघेल.