'सिंथेटिक अपर्चर रडार'मधल्या 'सिंथेटिक'ला मराठीत काय म्हणायचं?

पुण्यातल्या एका शाळेत आठवीच्या मुलांना निसार उपग्रहाबद्दल (नासा आणि इस्रोचा, असंच रडार असलेला, जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोटाहून गेला तो) सांगायचंय, म्हणून टिपण लिहायला बसले आणि पहिल्याच शब्दाला अडले. 'कृत्रिम छिद्र रडार' मला अजिबात पटत नाही. कृत्रिम म्हटलं की मुलांना नकली वाटणार, सिंथेटिक साडी म्हणतो तसं. इथे नकली काहीच नाही, उपग्रह पुढे जाता जाता सेकंदाला हजाराहून जास्त वेळा रेडिओ लहरी सोडतो, परत आलेला प्रत्येक प्रतिध्वनी साठवतो आणि नंतर गणिताने ते सगळे जोडले की काही किलोमीटर लांब अँटेना असल्यासारखं बारीक चित्र मिळतं. 'संश्लेषित' बरोबर आहे पण फार जड. काही सुचतंय का?

> ताई, 'सांधलेलं' म्हणा की! मुलांनी नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पाहिली असेल तर लगेच कळेल, तिथे ४५ मीटरच्या ३० डिशचे संकेत सांधून एक मोठी दुर्बीण होते, इथे अँटेना एकच पण ती जागा बदलत जाते. फरक केवढा पडतो बघा, सेंटिनेल-१ या युरोपच्या रडार उपग्रहाची अँटेना साधारण १२ मीटर, लहरीची लांबी साडेपाच सेंटिमीटर, नुसती वापरली तर जमिनीवर चारेक किलोमीटरचं सगळं एकात एक मिसळतं, आणि सांधल्यावर तत्त्वतः अँटेनेच्या निम्म्यापर्यंत म्हणजे ६ मीटरपर्यंत जाता येतं. अपर्चर मात्र तसंच ठेवा, कॅमेऱ्यामुळे माहीत असतं.

> सांधलेलं छान. माझी विनंती अझिमथबद्दल, कृपा करून 'दिगंश' लिहू नका. पंचांगात, खगोलात तो कोन असतो, इथे अझिमथ म्हणजे उपग्रह ज्या दिशेने चाललाय ती दिशा, सरळ 'उड्डाणदिशा' म्हणा. तसंच रेंजला 'पल्ला' नको, तोफेचा पल्ला म्हणजे ती कुठवर पोचते ते, आपल्याला हवंय 'तिरकं अंतर'.
> फोकसिंगला, म्हणजे पसरलेले प्रतिध्वनी गणिताने एका ठिपक्यात आणण्याला, मी 'एकवटणं' म्हणतो. जमिनीवरच्या एकाच दगडाचा प्रतिध्वनी कच्च्या डेटात दोन्ही दिशांना फासल्यासारखा पसरलेला असतो, त्यात उपग्रह जवळ येऊन लांब जातो म्हणून त्याची रेघही वाकडी होते. रेंज-डॉप्लर नावाच्या एकवटायच्या रीतीत आधी तिरक्या अंतरात एकवटायचं, मग वाकडी रेघ सरळ करायची, मग उड्डाणदिशेत एकवटायचं. बॅकप्रोजेक्शन या दुसऱ्या रीतीत उलट चालतं, जमिनीचा एकेक ठिपका धरायचा, प्रत्येक लहरीच्या वेळी तो किती लांब होता ते काढायचं आणि कला (फेज, म्हणजे लहर चढ-उताराच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते) जुळवून बेरीज करायची, वेळ खूप लागतो पण समजायला सगळ्यात सोपी. आणि १९७८ च्या सीसॅट या अमेरिकी रडार उपग्रहाची चित्रं तर सुरुवातीला फिल्म, लेझर आणि खरोखरच्या भिंगांनीच एकवटत होते!

एकवटणं घेतला, भिंगाने ऊन एकवटून कागद जाळलेला असतोच प्रत्येकाने. आता स्पेकल राहिलं, चित्रभर दिसणारे ते दाणे, त्याला 'रवाळपणा' चालेल का?

> चालेल, फक्त 'गोंगाट' म्हणू नका. चित्रातल्या एकाच चौकोनात (पिक्सेलमध्ये) येणाऱ्या अनेक दगडांचे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळून ते दाणे होतात, बाहेरून आलेले नसतात.